मनुक्यांचं वाण

शामकांत सरांनी बायकोला बागेतली द्राक्षं मनुक्यांची म्हणून सांगितली होती. अकोले गावाच्या वरच्या अंगाला, हिवाळ्यात दात वाजतात अशा डोंगरउतारावर, त्यांनी निवृत्तीनंतर पिनो नावाच्या फ्रेंच द्राक्षांचे वेल लावले. या द्राक्षांना थंडी मानवते आणि त्यांची वाइन होते. पण संगमनेरच्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांकडून व्यसनमुक्तीची शपथ घेतलेला माणूस हे घरात कोणत्या तोंडाने सांगणार? ‘मनुक्यांची जात आहे,’ ते म्हणाले, आणि नीलांबरीबाईंनी विश्वास ठेवला. त्या विश्वासाचीच सरांना जास्त लाज वाटे.

पहिला माल तयार झाला. वाइन कंपनीचा महेंद्र सोमवारी बघायला येणार होता. रविवारी रथसप्तमी होती, आणि नीलांबरीबाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू थेट बागेतच ठेवलं.

“यंदा प्लास्टिकचे डबे नकोत. प्रत्येकीनं आपल्या हातानं घड तोडायचा. वाण लुटायचं!”

सर घाईनं म्हणाले, “अगं, आंबट आहेत अजून.”

“तिळगूळ आहे की सोबत.”

“बिया फार आहेत.”

“बियांचे मनुके नसतात का? तुमच्या जिवावर आलंय, सरळ सांगा ना.”

सरळ सांगणं तेवढं सरांना जमणार नव्हतं. रविवारी टेम्पो भरून बायका आल्या आणि ‘एकेक घड’ म्हणता म्हणता पिशव्या निघाल्या. दोन ओळी बघता बघता मोकळ्या झाल्या. तिसरीला हात लागला तसे सर ओरडले, “खाऊ नका! कालच औषध मारलंय!”

सरांच्या एका विद्यार्थ्याची आई असलेल्या कडूबाईंच्या गालात तेव्हा मूठभर द्राक्षं होती. त्या मटकन खाली बसल्या. कुणाला गरगरायला लागलं, कुणाच्या जिभेला मुंग्या आल्या. शेजारच्या बनुबाईंना फवारलेला पाला खाऊन मेलेली शेळी नेमकी आत्ताच आठवली. कडूबाई वेलाखाली आडव्या झाल्या. “गुरुजी, माझ्या लेकाला बोलवा. सुनंला नगं.”

“टेम्पो काढा, दवाखान्यात चला!” नीलांबरीबाई रडत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. “माझंच चुकलं हो. हे नको म्हणत होते, मीच हट्ट केला.”

हे मात्र सरांना ऐकवेना.

“औषध नाही मारलेलं,” ते पुटपुटले.

कडूबाईंनी एक डोळा उघडला. “मंग मारलं म्हनला कशापायी?”

“तोडू नये म्हणून. ही... वाइनची द्राक्षं आहेत.”

कडूबाई ताडकन उठून बसल्या. “दारूची? आन् आमच्या धाकल्याकडनं शपथ कुनी घेतल्ती?”

सर पायाखालची माती बघत राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. नीलांबरीबाईंनी डोळे पुसले.

“दारूची लाज वाटली तुम्हाला,” त्या हळूच म्हणाल्या. “विषाची नाही वाटली?”

बायका टेम्पोत चढल्या. पिशवी मात्र एकीनंही खाली ठेवली नाही. “वाण माघारी देत न्हाईत,” कडूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक द्राक्ष तोंडात टाकलं.

सोमवारी महेंद्र आला तेव्हा नीलांबरीबाईही सरांसोबत बागेत आल्या, हातात द्राक्षांची बशी घेऊन.

“सर, या दोन ओळी मोकळ्या कशा?” महेंद्रनं विचारलं.

“वाणात गेल्या,” नीलांबरीबाईंनी परस्पर सांगून टाकलं. महेंद्रला काही कळलं नाही. त्यानं बशीकडे हात नेला, तशी त्यांनी बशी मागे घेतली. “थांबा. आधी हे खातील. यांच्या औषधाचा काही भरवसा नाही.”

सरांनी निमूटपणे एक द्राक्ष खाल्लं. बशी हलेना. त्यांनी आणखी एक खाल्लं, बियांसकट.

“कसली आहेत?” नीलांबरीबाईंनी विचारलं.

महेंद्र दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. सरांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“वाइनची,” ते म्हणाले.

मग नीलांबरीबाईंनी बशी महेंद्रपुढे धरली.