घाटपायथ्याच्या पंपावर गंधकाची पाटी लागली त्याची हकीकत

श्री. तेलटाकीच्या पोटातील अंधारास आधी नमन, कारण या राज्यात त्याहून थोर दैवत उरले नाही. हुजूर, तुम्ही खोटे बोललात. पंपावर पाटी एक लाविली आणि टाकीत तेल दुसरे भरू दिले, आणि हे तुम्हांस ठाऊक होते. लिहिणारास दरबारी नेमणूक नाही, सबब भीड नाही. जैसे घडले तैसे लिहितो.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी हुकूम सुटला की, डिझेलात गंधक फार, तेणे रयतेच्या छातीत धूर बसतो आणि नव्या गाड्यांच्या काजळी अडविणाऱ्या चाळण्या बुजतात, तरी इतःपर दहा लक्ष भागांत गंधक दहा भागांवर नसावे, आणि तैसी पाटी हरएक पंपावर असावी. मग हुकुमातील तेल वाटेतच राहिले आणि पाट्या आधी पोहोचल्या. घाटपायथ्याच्या सरकारी ठेक्याच्या पंपावर पाटी आली, तीस हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, आणि खासे मंत्री येऊन तिजवरील पडदा ओढिते जाहले. टाळ्या पडल्या. टाकी कोणी उघडून पाहिली नाही.

त्याच पायथ्यास कौतिकबाई म्हणून एक बाई, मूत्रपिंडे निकामी जाहलेली, आठवड्यातून दोन वार घाट चढून शहरी जाई आणि यंत्रावर रक्त धुऊन घेई, ज्यास डायलिसिस म्हणती. तिजसाठी सरकारने नवी गाडी दिली होती, सारथी गैबी मुलाणी. जुनी गाडी म्हणजे बैल, कडबा घाला की चिपाडे, ओढीतच असे. नवी नाजूक. आणि तेल ठेक्याच्याच पंपावर भरावे, अन्यत्र भरू नये, ऐसा शिरस्ता. मग पौषात अर्ध्या घाटात गाडीने पिवळा दिवा दाखविला, दम टाकिला आणि उभी राहिली.

कौतिकबाई मागून बोलिल्या, "गैबी, हिचीबी माझ्यासारखीच गत झाली का रे? चाळणीच बुजली?"

गैबी बोलिला, "मावशी, तुमचं दुखणं देवानं दिलं. हिला पंपावर पाजलंय."

तो वार चुकला, आणि बाईंचे पाय ऐसे सुजले की चपला चढेनात, आणि उताणे निजता दम कोंडू लागला, मग भिंतीस टेकून रात्र काढू लागल्या. गैबीने चाळणी साफ करविली आणि अर्ज केला. अर्जावरून मापाधिकारी आले, त्यांनी पाच लिटरचे माप काढिले, त्यात डिझेल ओतविले, रेघेशी डोळा लाविला आणि बोलिले, "माप भरून आहे. तक्रार काय तुझी?"

"साहेब, कमी आहे म्हणालोच नाही. ह्यात गंधक किती, ते विचारतोय."

"मापात गंधक दिसत नाही."

"म्हणून तर विचारतोय."

पंपाचे धनी आबासाहेब खुर्चीत पाय हलवीत होते, ते बोलिले, "मुलाण्या, नवं तेल लई महाग पडतं. पाटी फुकट आली. तुला वाचता येतं ना? मग वाच आणि भर." हे मापाधिकाऱ्यांनी ऐकिले आणि चष्मा पुसला, आणि चहा घेऊन स्वार जाहले.

मग गैबीने बाटली भरून राजधानीस पाठविली, की तेल तपासावे. उत्तर आले ते ऐसे: पाटी तपासली, ती योग्य उंचीवर असून अक्षरे सुवाच्य आहेत. बाटलीचे काय जाहले, त्याचा शब्द नाही. तेव्हा गैबीने शिरस्ता मोडिला, सरहद्दीपलीकडल्या पंपावर पदरचे पैसे घालून तेल भरिले, आणि गाडी न खोकता घाट चढली, आणि बाई त्या रात्री आडव्या निजल्या. याची दाद ऐसी लागली की गैबीस हुकूम मोडल्यावरून काढिले.

आता नवा सारथी आहे. त्याने आज पाटीखाली उभे राहून टाकी काठोकाठ भरिली, आणि गाडी बाईंच्या दारी आणून लाविली. गैबी सांगावयास गेला की, मावशी, उद्या ह्या गाडीत बसू नका. बाई बोलिल्या, "न बसून जाऊ कुठं, बाबा? चालत घाट चढू?" याचे उत्तर देणे गैबीचे काम नव्हते.

तात्पर्य हेच की, या राज्यात तेल टाकीत असते आणि शुद्धी पाटीवर असते, आणि मधल्या अंतरात एक बाई बसलेली असते. हुजूर, पाटीवरचा आकडा आम्ही वाचला. टाकीतला सांगा. गंधक किती? गाडी सकाळी निघते, त्याआधी सांगा.