मेलेला राजा आंघोळीला जातो

त्या दिवशी वारा असा सुटला होता की दोरीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या घरी पाहुणे म्हणून जात होते. अशा दिवशी शहाणा माणूस खिडकी लावून घेतो. पुठ्ठेकाकांनी ती उघडली. पुठ्ठ्याला लावलेला सरस वाळत नव्हता, एवढंच कारण.

पुठ्ठेकाका म्हणजे पुस्तकं बांधणारे. चाळीस वर्षं बांधली, वाचलं एकही नाही. शाळा तिसरीतच सुटलेली, आणि धंद्याचा नियमही तसाच: बांधणाऱ्याने वाचू नये, वाचलं की हात थांबतो. पण आता वेळच तशी आली होती. टेबलावर नातीचं पुस्तक होतं. जादूच्या राज्याच्या तीन भागांतलं मधलं, वाचून वाचून पाठ मोडलेलं. येत्या रविवारी ते घेऊन ती दूरच्या कॉलेजला जाणार होती. लहानपणी ही पोर आजोबांच्या खांद्यावरून उतरत नसे. हल्ली बोलणं एवढंच उरलं होतं:

"जेवलीस?"

"हो, आजोबा."

काकांनी ठरवलं, हे पुस्तक वाचायचं आणि ती जाण्याआधी तिच्याशी तासभर तरी बोलायचं.

तेवढ्यात वारा आत आला. सुटे फॉर्म, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, खोलीभर उडाले. काकांनी ते गोळा केले. क्रम बघायला चष्मा लागतो, आणि चष्मा शोधायलाही चष्माच लागतो. "चाळीस वर्षांचा हात आहे," म्हणत त्यांनी अंदाजाने फॉर्म लावले, शिवले, कडा कापल्या. कडा जरा जास्तच कापल्या गेल्या. पानांचे आकडे त्यात गेले. (असू दे. लोक अक्षरं वाचतात, आकडे नव्हे.)

चष्मा सोमवारी सरसाच्या डब्यामागे सापडला. ओळीखाली बोट ठेवून वाचन सुरू झालं. पहिला भाग माहीत नाही, त्यामुळे कोण कोणाचा कोण, काही पत्ता नाही. बुधवारी राजा मेला. काकांनी डोळे पुसले, चहासुद्धा घेतला नाही. गुरुवारी राजा आंघोळीला गेला. शुक्रवारी जळून खाक झालेल्या किल्ल्याच्या पायाभरणीला शनिवारी सगळे हजर! एक म्हातारा घोडा तेवढा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच थकलेला होता. तो काकांना पटला.

शेजारचे निवृत्त पोस्टमन रोज संध्याकाळी डोकावत.

"काय म्हणतंय पुस्तक?"

"आवडतंय हो. पण मेलेला माणूस आंघोळीला कसा जातो?"

"जादूचं राज्य ना? तिथे चालत असेल."

"मग मी रडलो ते फुकटच?"

पुस्तक संपलं तेव्हा काका पार खचले. साऱ्या जगाला कळतं ते आपल्या डोक्यात शिरत नाही. पोरगी गप्प बसते ती काही उगाच नाही.

रविवारी नात आली.

"जेवलीस?"

"हो, आजोबा."

पुस्तक पिशवीत गेलं. काकांनी जीव मुठीत धरून विचारलं, "तो राजा मेला नि आंघोळीला गेला, ते कसं गं?"

नात थांबली. "तुम्ही वाचलंत?"

"वाचलं. माझं डोकं नाही चालत, पण वाचलं."

तिने पुस्तक काढलं, पुढची पानं चाळली, मागची चाळली, आणि कपाळाला हात लावून हसत सुटली. "अहो आजोबा, राजा शेवटी मरतो! तुम्ही मधेच मारलात त्याला!"

काकांचा चेहरा सरसात बुडवल्यासारखा झाला. चाळीस वर्षांचा हात! नातीने मात्र पिशवी खाली ठेवली आणि कात्री मागितली. शिवण उसवली. आकडे नव्हते, म्हणून एकेक फॉर्म हातात घेऊन तिला सगळी गोष्ट सांगावी लागली, पहिल्या भागापासून. ती सांगेल त्या क्रमाने काकांनी फॉर्म पुन्हा शिवले. दुपारची गाडी चुकली. संध्याकाळची मिळाली.

ती गेल्यावर काकांनी दारात उभं राहून, हसत हसत, पोस्टमनना सगळं सांगितलं. पोस्टमन मात्र हसले नाहीत.

"तरीच! माझ्या सासऱ्यांचं चरित्र तुम्हीच बांधलंत ना? त्यात ते आधी वारतात आणि मग शाळेत जायला लागतात. आमच्या घरात आजवर सगळे म्हणतात, माणूस भारी जिद्दीचा होता!"