आमच्या गाडीने

"वहिनी, किल्ली नुसती पर्समध्ये असली की झालं. कुठे घालायची नाही, फिरवायची नाही, काही नाही," भावजी म्हणाले.

"मग तिला किल्ली कशाला म्हणायचं?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

भावजींनी ते ऐकलं नाही. नव्या गाडीबद्दल बोलताना त्यांना दुसऱ्याचं काहीच ऐकू येत नसे. त्यांनी तो काळा गुळगुळीत ठोकळा तळहातावर ठेवला आणि एकेक बटण दाखवायला सुरुवात केली. हे उघडायचं, हे लावायचं, हे डिकीचं. "आणि हे लाल आहे ना, ते..." म्हणेपर्यंत त्यांचा फोन वाजला. फोन संपवून ते परत आले ते थेट सीटवरच घसरले. एक नंबरचं बटण त्यांचं, दोन नंबरचं बाईंसाठी आजच बसवलेलं. दाबलं की सीट आपोआप आपल्या मापाची होते. थंडीत बूड गरम ठेवायचीसुद्धा सोय आहे. बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. नववीच्या वर्गात "समजलं का?" म्हणून विचारलं की मुलं अशीच डोलावतात, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण विद्यार्थ्याच्या बाकावर बसलं की माणूस विद्यार्थ्यासारखाच वागतो.

"फक्त सीटवर काही सांडू नका हं वहिनी. लेदर आहे. फिक्या रंगाचं मुद्दाम घेतलंय."

एवढा सगळा खटाटोप एका शब्दापायी झाला होता. बाईंच्या लेकीचं लग्न ठरत होतं. मुलगा लेकीनेच पसंत केलेला, तिच्याच ऑफिसातला. आता त्याची आई पहिल्यांदाच घर बघायला येणार होती. त्या एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. फोनवरसुद्धा त्यांचा आवाज असा यायचा, की बाई आपोआप खुर्चीत ताठ बसायच्या. "मी येईन रिक्षाने," असं त्या म्हणाल्या तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, "छे, छे! आमच्या गाडीने येते ना मी घ्यायला."

बाईंची जुनी गाडी विकून वर्ष झालं होतं. 'आमच्या' हा शब्द जिभेवरून घसरला तो घसरलाच. "आता टॅक्सी कर आणि सांगून टाक," असं यजमान म्हणाले. पण सांगून टाकणं इतकं सोपं असतं, तर जगात एवढ्या भानगडी झाल्याच नसत्या.

बसस्टँडवर जाईपर्यंत सगळं सुरळीत झालं. विहीणबाई बसमधून उतरल्या. उंच, सडपातळ, पाठ फूटपट्टीसारखी सरळ. त्यांनी बाईंना एकदा आपादमस्तक न्याहाळलं. वॉर्डात फेरी मारताना पेशंटला न्याहाळावं तसं.

"गाडी कुठे लावलीय?"

"ही काय, समोरच," असं म्हणत बाईंनी झोकात किल्ली काढली आणि बटण दाबलं.

ते लाल होतं.

गाडी अशी काही किंचाळली, की फलाटावरची कबुतरं उडाली आणि एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. चारही दिवे लुकलुकायला लागले. बाईंनी घाबरून दुसरं बटण दाबलं, तशी डिकी उघडली. तिसरं दाबलं, तर बाजूच्या आरशांनी पंख मिटून घेतले. बोंब मात्र चालूच होती. बसची वाट बघणाऱ्या लोकांना आयता तमाशा मिळाला. पार्किंगचा वॉचमन काठी आपटत आला.

"गाडी कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. मग विहीणबाईंकडे बघून, "आमची."

"नंबर सांगा."

"अं?"

"गाडीचा नंबर, बाई. पाटी न बघता."

जगातल्या सगळ्या देशांच्या राजधान्या तोंडपाठ असलेल्या बाईंना चार आकडे सांगता येईनात. कानांच्या पाळ्या तापल्या. "नवीन आहे हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

"चोरलेली पण नवीनच असते," गर्दीतला कुणीतरी म्हणाला आणि चारजण हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. त्या बॅग दोन्ही हातांत धरून, शांतपणे बाईंकडे बघत होत्या. त्या शांतपणाने बाईंना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी भावजींना फोन लावण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

"हॅलो, हं, ऐका. ती आपली गाडी ओरडायला लागलीय."

"काय केलंत वहिनी माझ्या गाडीला?" भावजींचा आवाज भोंग्याच्या वरताण आला.

"हो, हो, आपल्याच गाडीला. थांबवायचं कसं तेवढं सांगा."

"तेच लाल बटण परत दाबून धरा! दाबून धरा! काही आपटलं तर नाही ना? ओरखडा?"

बाईंनी बटण दाबून धरलं. अचानक शांतता पसरली. त्या शांततेत विहीणबाईंनी विचारलं, "कोण होतं?"

"गॅरेजवाले," बाई म्हणाल्या.

सख्ख्या दिराला भर चौकात गॅरेजवाला करून बाईंनी डिकी लावली आणि त्या गाडीत बसल्या. निघण्याआधी सीटचं बटण दाबायचं एवढं आठवत होतं. पण आधी एक येतं मग दोन, अशा शाळेतल्या हिशेबाने बोट एकवर पडलं. सीट घुर्र करत मागे निघाली. भावजी सहा फुटांचे. बाईंचे पाय पेडलवरून सुटले, हात स्टिअरिंगवरून सुटले आणि डोळ्यांसमोर रस्त्याच्या जागी नुसतं आभाळ आलं.

"कुठे निघालात?" विहीणबाईंनी विचारलं.

"इथेच आहे," बाई मागून म्हणाल्या आणि दोन सीटांच्या मधे जी बटणं हाताला लागली ती दाबत सुटल्या. आपली सीट जागची हलेना. हलायला लागली ती शेजारची. विहीणबाई हळूहळू, अत्यंत सन्मानाने, आडव्या व्हायला लागल्या. बॅग पोटाशी धरली होती. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "छान आहे सोय. लांबच्या प्रवासाला बरी."

"हो ना, मुद्दाम घेतली," बाईंच्या तोंडून निघालं आणि त्यांना स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

मग सीट उलटी फिरली. विहीणबाई उठल्या, सरळ झाल्या, पुढे सरकल्या आणि गुडघे समोरच्या खणाला टेकल्यावरच थांबल्या. अखेर बाईंना दोन नंबर सापडला, शेजारच्या गुडघ्यांनाही जागा मिळाली आणि गाडी रस्त्याला लागली.

"जरा वारं येईल का?" विहीणबाईंनी विचारलं. ऊन चांगलंच तापलं होतं.

आता मात्र आपण काहीतरी नीट करून दाखवायचं, असं बाईंनी ठरवलं. समोर एका बटणावर छोटीशी खुर्ची काढली होती आणि तिच्यातून तीन नागमोडी रेघा वर चालल्या होत्या. नकाशावर वारे असेच दाखवतात. बाईंनी आत्मविश्वासाने बटण दाबलं. तीन लाल दिवे लागले. "येईल आता," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने विहीणबाईंनी रुमालाने कपाळ पुसलं. बाईंनी विचारलं, "वारं लागतंय ना?" विहीणबाई एका बाजूला कलल्या. मग दुसऱ्या. चेहरा लाल झाला, ओठ घट्ट मिटले. "अजून किती लांब आहे घर?" त्यांनी विचारलं तेव्हा तो मेट्रनचा आवाज पार बारीक झाला होता. संतापल्या असणार, असं बाईंनी मनाशी म्हटलं. मनात लग्न मोडलं, लेक रडली, यजमानांनी "टॅक्सी कर म्हटलं होतं" हे वाक्य जन्मभर ऐकवलं.

घर आलं. गेटपाशी यजमान, लेक आणि गाडीच्या काळजीने आधीच येऊन थांबलेले भावजी, असे तिघेही स्वागताला उभे होते. बाई उतरल्या, वळसा घालून गेल्या आणि त्यांनी अदबीने दार उघडलं.

विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे. सगळेच व्हा पुढे," त्या समोर बघत म्हणाल्या.

"माझं काही चुकलं का?" बाईंनी विचारलं.

"तुमचं नाही हो." त्यांनी बाईंचं मनगट धरून खाली ओढलं आणि कानाशी लागल्या. "मला एक मोठा टॉवेल आणून द्याल? कुणाला कळू न देता?"

बाईंना काही उमगेना.

"मघापासून खाली गरम गरम लागतंय," विहीणबाई कुजबुजल्या. डोळ्यांत पाणी तरारलं होतं. "वर्षभर कधीमधी होतं असं. खोकला आला, शिंक आली की. मुलाला माहीत नाही, कुणालाच नाही. म्हणून तर प्रवासात पाण्याचा थेंब घेत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या मी, एका शब्दाने कुणाला लाजवलं नाही. आणि आज पहिल्यांदा तुमच्या दारात, तुमच्या नव्या गाडीत..."

बाईंनी घाईघाईने त्यांच्या शेजारी सीटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. सीट तव्यासारखी तापली होती आणि ठणठणीत कोरडी होती. त्यांची नजर समोर गेली. खुर्ची, तीन नागमोडी रेघा, तीन लाल दिवे. वर्षानुवर्षं त्या मुलांना शिकवत आल्या होत्या, की उष्ण प्रवाह लाल रंगाने दाखवतात.

एक क्षणभर त्यांना वाटलं, गुपचूप बटण बंद करावं, टॉवेल आणावा आणि विषय मिटवावा. आपली लाज वाचेल. पण समोर पाठ फूटपट्टीसारखी असणारी बाई मान खाली घालून बसली होती.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही. मी तुम्हाला भाजलंय."

"काय?"

"सीट गरम करायचं बटण आहे ते. मला वाटलं, वाऱ्याचं आहे. तुम्हाला घाम येत होता आणि मी मनात म्हणत होते, वारं लागतंय." एकदा बांध फुटल्यावर बाईंना थांबता येईना. "आणि गाडी आमची नाही. माझ्या दिरांची आहे. ते गॅरेजवाले म्हणजे माझे दीर, ते काय गेटपाशी उभे आहेत. मला नंबर कुठून माहीत असणार? सीट मागे का गेली तेही मला माहीत नव्हतं, पुढे का आली तेही नाही. मी फोनवर उगाच 'आमच्या' म्हणून बसले."

विहीणबाईंनी हात खाली घालून सीट चाचपली. बाईंकडे बघितलं. सीटकडे बघितलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा थरथरला.

"म्हणजे मघाशी मी आडवी झाले..."

"मला वाटलं, माझी सीट पुढे येतेय."

"आणि मी म्हटलं, छान सोय आहे!" विहीणबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग घशातून, मग खांद्यातून. त्या डोळे पुशीत, समोरच्या खणावर हात आपटत हसायला लागल्या. बाईही दाराला धरून हसायला लागल्या. गेटपाशी उभ्या तिघांना काही कळेना.

आणि एकाएकी विहीणबाई थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "आता मात्र खरंच."

तेवढ्यात भावजींना राहवलं नाही आणि ते गाडीकडे निघाले. त्यांच्यामागून यजमान, यजमानांमागून लेक. विचार करायला वेळच नव्हता. बाईंनी पर्समधली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सबंध बाटली विहीणबाईंच्या मांडीवर आणि त्या फिक्या लेदरवर उपडी केली.

"अगं बाई, सांडलं!" त्या जोरात ओरडल्या.

दोघींची नजरानजर झाली. विहीणबाईंनी एक खोल श्वास घेतला, पाठ सरळ केली आणि वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तरी मी कधीची सांगतेय, झाकण नीट लावा म्हणून! ऐकतील तर शपथ!"

"वहिनी! लेदर!" भावजींनी डोक्याला हात लावला. "एकच गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला, एकच!" मग लेदर पाणी कसं पितं, डाग कसा उठतो, हे ते सांगत राहिले. यजमान सगळ्यांकडे बघून कसनुसं हसले. "अशीच आहे ती, वेंधळी." लेक कानाशी येऊन दातओठ खात म्हणाली, "आई, काय गं हे? पहिल्याच भेटीत?"

बाईंनी लेकीला टॉवेल आणायला पिटाळलं, तो विहीणबाईंच्या कमरेभोवती नीट गुंडाळून दिला आणि स्वतः फडकं घेऊन सीट पुसायला वाकल्या. सबंध घरादारासमोर बोलणी खाताना त्यांना शरमेने कानकोंडं झालं होतं, हे खरंच.

विहीणबाई टॉवेल सावरत, ताठ मानेने, संथपणे पायऱ्या चढल्या. दारात थांबून त्या मागे वळल्या.

"मुलीला मात्र वळण चांगलं दिसतंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "कुणी लावलं कोण जाणे."

यजमानांनी लगबगीने शर्टाची कॉलर सारखी केली. बाई खाली मान घालून सीट पुसत राहिल्या. मान खाली होती ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्यांना पुन्हा हसू यायला लागलं होतं.