एक्केचाळीस अवलंबित

शनिवारी सकाळी वाळूजच्या कारखान्यातला जुना कॉम्प्युटर कटकट आवाज करू लागला आणि सत्यशीला हातातलं काम टाकून धावली. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची बारा वर्षांची ड्रॉइंगं त्या एकाच डिस्कवर होती. चोरी नको म्हणून मालक अप्पारावांनी त्याला इंटरनेट जोडू दिलं नव्हतं.

कॉम्प्युटरचं जाणणारी कारखान्यात ती एकटीच. रविवारी पुंडलिकनगरच्या घरी बसून तिने बॅकअपचा एक प्रोग्राम शोधला. तो रोज बदललेलं तेवढंच उचलायचा आणि पासवर्डच्या कुलपात दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. पण त्याला सोबत आणखी एक्केचाळीस छोटे प्रोग्राम लागत. ते सगळे पेनड्राइव्हवरच आणावे लागणार होते, आणि बाहेरचं काहीही आत आणायला आस्थापना विभागाचा फॉर्म होता. माणसांना आणि सामानाला एकच. सोमवारी ‘सोबतचे अवलंबित’ या रकान्यात सत्यशीलाने प्रामाणिकपणे लिहिलं, ४१.

आस्थापनेच्या काकासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक्केचाळीस? बाई, नियमात चारच बसतेत. जोडीदार, दोन लेकरं, एक म्हातारं."

"काका, माणसं नाहीत ती. प्रोग्राम आहेत."

"असतील. पर रकाना अवलंबितांचाच हाय ना?"

"यातला एक जरी नसला तरी मुख्य प्रोग्राम चालत नाही."

"मंग असला लाडावलेला आणताच कामून? सोताच्या पायावर उभा ऱ्हाणारा बघा की!"

चार मंजूर झाले. उरलेले सदतीस काकासाहेबांनी समोर बसून पुसून घेतले. दुपारी सत्यशीलाने चारांवर प्रोग्राम चालवून पाहिला. पडद्यावर लाल अक्षरांत पाचव्याची मागणी आली. मंगळवारी ती पाचव्यासाठी गेली, तर काकासाहेब म्हणाले, "कोटा खलास."

डिस्कची कटकट आता शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू येत होती. घरी जाऊन तिने मुख्य प्रोग्राम आणि त्याचे एक्केचाळीसही सोबती एकाच पॅकेजमध्ये ठासून बसवले. बुधवारच्या फॉर्मवर लिहिलं: नग एक, अवलंबित निरंक.

"जमलं का नाय?" काकासाहेबांनी खुशीत शिक्का मारला. "उगंच लई पसारा मांडला हुता."

त्याच दिवशी बॅकअप सुरू झाला. शुक्रवारी दहा वाजता जुन्या डिस्कने मान टाकली. मशीनवरचे कामगार हात बांधून उभे राहिले. सत्यशीलाने नवी डिस्क बसवली, पासवर्ड टाकला आणि डोळे मिटून घेतले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाराही वर्षं जागच्या जागी परत आली.

करमाडला गेलेले अप्पाराव धावतपळत पोचले. त्यांनी दोन-चार ड्रॉइंगं उघडून पाहिली.

"सगळं तर हाय की! गेलं काय हुतं?"

"सगळंच गेलं होतं साहेब. बॅकअपमधून परत आणलं."

"म्हंजी आता हे दोन जागी हाय?"

"हो," सत्यशीला अभिमानाने म्हणाली.

"एकच माल दोनदा कशापायी ठिवायचा? एक पुसून टाक."

तिने दोन्ही डिस्ककडे पाहिलं. "कोणतं पुसू, साहेब?"

"तुला वाटंल ते," अप्पाराव मोठ्या मनाने म्हणाले. "सारखेच तर हायत."