तळ्याची हिरवळ झाली त्याची हकीकत

तळ्यातले मासे पकडून विकणारे मामा मला म्हणाले होते, "ताई, ते रोप पाण्यात सोडू नका. उन्हात वाळवा आणि कचऱ्यात द्या." योग्य सल्ला देणाऱ्याकडे बहुधा लेटरहेड नसतं, आणि लेटरहेड नसलेला सल्ला सुशिक्षित माणसाला लागू होत नाही. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. (द्वितीय श्रेणी.)

रोप मूठभर होतं. फुगीर देठ, चकचकीत पानं, जांभळं फूल. बाहेरच्या खोलीत काचेच्या भांड्यात फार शोभायचं. पण लेक रांगायला लागली आणि घरातली प्रत्येक शोभेची वस्तू मला बुडण्याची, गिळण्याची नाहीतर डोक्यावर पडण्याची सोय वाटू लागली. भांडं काढलं. जिवंत रोप कचऱ्यात टाकवेना, म्हणून तळ्यात सोडलं. एवढं मोठं तळं, एवढंसं रोप. त्याला मोकळं केल्याचं समाधान मला दोन दिवस पुरलं.

रोपाला ते वर्षभर पुरलं. या काठापासून त्या काठापर्यंत तळं हिरवंगार झालं. उद्यान खात्याने तातडीने दखल घेतली, म्हणजे अभिनंदनाचा ठराव केला. एकही झाड न लावता शहराचं दरडोई हिरवं क्षेत्र साडेअकरा टक्क्यांनी वाढलं होतं. पाहणीही झाली (गाडीतून). मासे: तक्रार नाही. बेडूक: ध्वनिप्रदूषणात समाधानकारक घट. बगळे: पूर्वी पाण्यात उभं राहावं लागे, आता पाय कोरडे. डास: लक्षणीय प्रगती. नोंदवहीत 'तळे' खोडून 'हिरवळ' लिहिण्यात आलं आणि तसा बोर्डही लागला.

पाहणीच्या तक्त्यात 'मूळ रहिवासी' असा एक रकाना होता. कारकून सकाळी अकराला पोचला तेव्हा वनस्पती जागेवर हजर होती. मामांच्या वस्तीतली माणसं बाजारात गेली होती. त्यामुळे वनस्पती मूळची ठरली आणि मामा बाहेरून ये-जा करणारे. तळ्याचा बांध मामांच्या पणजोबांनी घातला होता म्हणतात, पण पणजोबाही त्या दिवशी गैरहजर होते.

परवाना तळ्यातल्या मासेमारीचा. तळं उरलं नाही, तेव्हा परवानाही उरला नाही. वस्तीतल्या बायकापुरुषांनी पाण्यात उतरून रोपं उपटायला घेतली, तर हिरवळीची नासधूस केल्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. होड्या जिथल्या तिथे रुतल्या. खात्याने त्यांत शोभेच्या कुंड्या ठेवल्या.

ही वनस्पती काढून टाका, असा अर्ज करायला मी गेले होते. कारकून सज्जन होता, पेनही त्यानेच दिलं. चौथा प्रश्न होता, 'सदर वनस्पती येथे प्रथम कोणी आणली?' लेकीला पाजायची वेळ झाली म्हणून मी उठले. (तिचं अंगावरचं दूध केव्हाच सुटलंय.)

गेल्या आठवड्यात लेक माझा हात सोडून पळाली. मी एरवी तिला जिनासुद्धा एकटीने चढू देत नाही. पण हिरवळ होती, पडली तरी लागलं नसतं. मामांनी तिला फ्रॉकला धरून उचललं तेव्हा एक पाय ढोपरापर्यंत भिजलेला होता.

"पाणी आहे ते, ताई. दोन पुरुष खोल."

"पण बोर्डावर हिरवळ लिहिलंय," मी म्हणाले.

"मग बोर्डाला चालवा त्याच्यावर."

मी तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी "थँक्यू मामा" म्हटलं आणि तिचा बूट शोधायला लागले.

धंदा बसल्यापासून मामा दिवसभर काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. महिन्याभरात चौदा मुलं, तीन आजोबा आणि एक उद्यान अधिकारी. 'नागरिकांच्या आनंदात अडथळा' या सदराखाली त्यांना नोटीस आली: सोमवारपासून काठावर दिसायचं नाही.

आज बुधवार. ते दिसलेले नाहीत, असं ऐकते. मी स्वतः तिकडे फिरकत नाही, माझ्या पदरात लहान मूल आहे. तुम्ही मात्र जाल. हिरवळ दिसली की चपला हातात घेऊन अनवाणी चालणारी माणसं तुम्ही, त्या जांभळ्या फुलांचे फोटो मला रोज सकाळी तुम्हीच पाठवता. तर जाल तेव्हा एवढं करा. आधी वस्तीत डोकावून मामा बरे आहेत ना, ते बघा. चपला नंतर काढा.