एकविसावा प्रेक्षक

हैदराबादेत, आबिड्सच्या एका गल्लीतल्या गोदामुसी मराठी नाट्यमंडळाला ‘लुप्तप्राय रंगभूमी’ हा अधिकृत दर्जा मिळाला, तेव्हा मंडळाने पेढे वाटले. दर्जाबरोबर तीनशे खुर्च्यांचं सभागृह फुकट मिळालं आणि हर्षवर्धन यांना कलासंचालकपद. अट एकच होती. प्रयोगाला वीसपेक्षा जास्त प्रेक्षक आढळल्यास रंगभूमी जिवंत समजण्यात येईल आणि पदासह सर्व सवलती तत्काळ रद्द होतील.

हर्षवर्धन नवे होते, नाटकावर जीव होता. त्या भरात त्यांनी पहिल्याच वर्षी चांगलं नाटक बसवलं. त्रेचाळीस माणसं आली. आठवड्याच्या आत नोटीस: ‘आपल्या संस्थेत जिवंतपणाची लक्षणे आढळली आहेत. लेखी खुलासा करावा.’

मंडळाचे चिटणीस निवृत्तीकाका तारनाक्याचे. रेल्वेत छत्तीस वर्षं त्यांनी खुलासेच लिहिले होते. त्यांनी लिहिलं, ‘मे महिना होता. कूलर चालू होता. उपस्थित मंडळी नाटकासाठी आली नसून गारव्यासाठी आली होती.’ खुलासा मान्य झाला. कूलर काढण्यात आला.

दुसऱ्या वर्षी हर्षवर्धन यांनी अडीच तासांचं मूकनाट्य केलं. त्यात एक माणूस कांदा सोलतो. दुर्दैवाने ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे एकतीस विचारवंत आले आणि नंतर चर्चेलाही थांबले. दुसरी नोटीस आली.

“काका, माणसं थांबवायची तरी कशी?”

“बोलवा की! घरोघर जाऊन पास हातात ठेवा,” निवृत्तीकाका म्हणाले. “आपला माणूस ‘नक्की येतो’ म्हणाला, की ती खुर्ची रिकामी धरायची.”

हर्षवर्धन यांनी तारनाक्यापासून दिलसुखनगरपर्यंत नऊशे पास वाटले. प्रत्येक घरी चहा झाला, मराठी आता उरली नाही म्हणून हळहळ झाली आणि उंबऱ्यापर्यंत येऊन ‘नक्की येतो’ झालं. प्रयोगाला सतरा जण आले. त्यातल्या चौदांकडे पास नव्हते.

तिथून त्यांची कारकीर्द बहरली. इतर मरणासन्न कला त्यांना मार्गदर्शनाला बोलावू लागल्या. चांगली गर्दी खेचणारा एक बाहुल्यांचा खेळ त्यांनी दोन महिन्यांत आठ प्रेक्षकांवर आणून दाखवला. आता एकच शिखर उरलं होतं: ‘अतिलुप्तप्राय’ श्रेणी. ती मिळाली की पद कायमचं.

तपासणीचा प्रयोग बुधवारी सकाळी अकराला ठरला. तपासणी समितीच वीस जणांची होती. ती बसली आणि निवृत्तीकाकांनी दारावर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावली. तेवढ्यात पायऱ्या चढून चतुराबाई आल्या. ठेवणीतलं इरकल नेसून, दिलसुखनगरहून मेट्रोनं. त्यांची नात त्रिवेणी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि या नाटकात मुख्य भूमिका करते. नाटकातली ओवी आजीची. त्रिवेणीला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिनं ती तेलुगू अक्षरांत उतरवून पाठ केली होती.

“आजी, जागा नाही,” काका म्हणाले.

चतुराबाईंनी फटीतून आत पाहिलं. “मंग ह्या खुर्च्या काय भुताच्या हैत का रे?”

“वीस झाले, आजी. तुम्ही एकविसाव्या. तुम्ही आत आलात तर रंगभूमी जिवंत होते.”

“हौ, मंग होऊ दे की! कुनाचं काय जातंय?”

“साहेबांचं पद.”

हर्षवर्धन धावत आले आणि पाया पडले. “आजी, तुमच्या ओवीवर तर नाटक उभं आहे.”

“मंग ऐकू दे की, बाबा. ही पोट्टी माझ्याशी तेलुगूत भांडती, हिंदीत रुसती. माझ्या बोलीत आजच तोंड उघडनार हाय. एक डाव ऐकते अन् जाते.”

हर्षवर्धन यांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनीच त्यांनी दार लावून घेतलं.

तिसरी घंटा झाली. चतुराबाई पायरीवर बसल्या. दळताना बसतात तशा, एक पाय पसरून. आणि त्यांनी आपणच सुरुवात केली:

*मुसीच्या गं काठावरी, दिवा सोडिला पाण्यात*
*माझ्या माहेराची बोली, म्या गं लपविली गाण्यात*

आत त्रिवेणीनं ओवीसाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बंद दारापलीकडून आवाज आला, “म्हन गं बाय, आता तू.”

त्रिवेणी रंगमंचावरून उतरली, समितीच्या मधून चालत गेली, कडी काढली आणि आजीच्या शेजारी पायरीवर बसून तिनं ओवी म्हटली. दोन ठिकाणी चुकली. आजीनं मांडीवर चापट मारून सुधारली. दोन रिक्षावाले थांबले. समोरचा बटणांचा दुकानदार गल्ला सोडून आला. बघता बघता पायऱ्या भरल्या.

समितीने अहवालात नोंदवलं: ‘प्रमुख नटीदेखील प्रयोग अर्धवट सोडून गेली. संस्था अतिलुप्तप्राय श्रेणीस सर्वथा पात्र.’ पायऱ्यांवरची सत्तावीस माणसं सभागृहाबाहेर असल्याने ती प्रेक्षक धरता येत नाहीत, हा खुलासा निवृत्तीकाकांनी तयारच ठेवला होता. लागला नाही.

हर्षवर्धन आता कायम आहेत. पद कायम होताच त्यांनी आठशे सत्त्याण्णव आभारपत्रं टाकली. आपल्यालाही पोचलं असेल: ‘आपण “नक्की येतो” म्हणालात आणि आला नाहीत. आपल्यासारख्या मराठीप्रेमींच्या भरवशावरच मंडळ इथवर आलं. पुढच्या प्रयोगाचा पास सोबत जोडला आहे. लोभ असाच राहू द्यावा.’