लॉगआउट करा म्हणणारे सर

“घराचं दार उघडं टाकून कोणी वावरात जाते काय? मंग व्हॉट्सअ‍ॅप काहून उघडं सोडता?” धम्मरत्न सरांनी टेबलावर हात आपटला, तशा घाटंजीच्या शाळेत जमलेल्या बचतगटाच्या चाळीस बायका दचकून सरळ बसल्या. संगणक शिकवणारे सर आज भलतेच रंगात आले होते. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक फुलचंद सर बसले होते ना! भाषण जमलं, तर जिल्ह्याच्या प्रशिक्षणात शिकवायला ते धम्मरत्न सरांचं नाव आजच पाठवणार होते.

तेवढ्यात चाळीस फोन एकदम वाजले.

“सर, गटावर तुमचाच निरोप आला,” गटाच्या अध्यक्ष बेबीताई म्हणाल्या. “‘बकरी विकणे आहे. दूध दीड लिटर.’ बकरी कधी घेतली तुम्ही?”

सरांचा चेहरा पडला. “कोणी उत्तर देऊ नका! माझा नंबर चोरीले गेला. परराज्यातली टोळी हाय ही!”

बायकांनी घाईघाईनं फोन पदराखाली लपवले. पदराखाली ते पुन्हा वाजले.

“टोळीनं पत्ता देल्ला,” बेबीताई वाचू लागल्या. “‘मुख्तारभाऊ झेरॉक्स, बसस्टँडसमोर. सुग्राबीले भेटा.’ सर, तुमच्या हातातले कागद कुठून छापून आणले?”

सरांनी भाषणाचे कागद पाठीमागे नेले. सकाळी मुख्तारच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्यांनीच ते छापले होते आणि उशीर नको म्हणून तसेच धावत सुटले होते. मुख्तार जेवायला गेल्यावर त्याची बायको सुग्राबी गल्ल्यावर बसली, आणि समोर उघडं दिसलेलं खातं तिला दुकानाचंच वाटलं.

“मंग बंद कसं करायचं, ते तरी दाखवा,” बेबीताई म्हणाल्या.

सरांचा फोन पडद्याला जोडलेलाच होता. लाज गिळून त्यांनी जोडलेल्या संगणकांची यादी उघडली. एक नाही, चार निघाले, आणि चारही चालू. बायकांनी ते मोठ्यानं मोजले.

“हे मुख्तारचं,” सर पुटपुटले. “हे कळंबचं असन. हे लोहाऱ्याचं. आन् चौथं...” चौथं आठवलं आणि त्यांचे कान तापले. मागच्या महिन्यात वेळापत्रक छापायला ते ज्या खुर्चीत बसले होते, ती त्यांची नव्हती.

“चौथं माझ्या टेबलावरचं,” फुलचंद सर शांतपणे म्हणाले. “स्टाफरूममधे मले ‘बंद पंखा’ म्हणतात, ते मले तिथंच वाचून समजलं.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्यांनी चारही ठिकाणी लॉगआउट केलं.

“नाव पाठवतो तुमचं,” उठता उठता फुलचंद सर म्हणाले. “शिकवाले नाही. शिकाले.”